तहसीलमध्ये नव्याने रुजू होताय? महसूल सहायकाचे पहिले तीन महिने

अभ्यासिकेतून थेट तहसील कार्यालयाच्या टेबलावर येणाऱ्या मुलामुलींची पहिल्या आठवड्यातली अवस्था ठरलेली असते. राज्यघटनेची कलमं तोंडपाठ, पण ‘हा कागद बारनिशीला द्या’ म्हटलं की ही टपालाची आवक-जावक शाखा कुठल्या खोलीत आहे ते कळत नाही. मागे कपाट, कपाटात दोरीने बांधलेले गठ्ठे, टेबलासमोर चार माणसं उभी. तेवढ्यात जिल्ह्यावरून फोन येतो, ‘माहिती अजून आली नाही तुमची’, आणि कसली माहिती हेच आपल्याला ठाऊक नसतं. आधीचा माणूस बदलून गेलेला असतो. शेजारचे भाऊसाहेब भले असतात, पण रिक्त पदांमुळे त्यांच्याकडेच दोन टेबलं असतात.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. महसुलातल्या लिपिकाला आता महसूल सहायक म्हणतात, अव्वल कारकुनाला सहायक महसूल अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. कार्यालयात तोंडी मात्र जुनीच नावं चालतात, म्हणून इथेही तीच येतील. जिल्हा परिषद, कृषी किंवा सहकार खात्यात लागलेल्यांनी शब्द बदलून घ्यावेत, रीत फारशी वेगळी नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. टेबल शिकवायला कुणी येणार नाही, आणि नियमांची जाडजूड पुस्तकं वाचूनही ते समजणार नाही. ते समजतं त्याच टेबलावर निकाली निघालेल्या मागच्या दोन वर्षांच्या नस्त्या, म्हणजे फाइली, वाचून. पुढे जे काही लिहिलंय ते बहुतेक त्या नस्त्यांपर्यंत पोहोचण्यासाठीच आहे.

पहिला दिवस: रुजू अहवाल आणि पोच

मूळ कागदपत्रं आणि साक्षांकित प्रतींचे चार संच बरोबर न्या. शैक्षणिक प्रमाणपत्रं, जात प्रमाणपत्र आणि वैधता, टंकलेखन, संगणक अर्हता, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र हे तर हवंच. शिवाय आदेशात लिहिलं असेल त्याप्रमाणे जिल्हा शल्यचिकित्सकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि चारित्र्य पडताळणीचे कागद. एक संच आस्थापना शाखा ठेवते, दुसरा कुणीतरी मागतंच, तिसरा हरवतो.

रुजू अहवाल एका पानाचा असतो. त्यात नेमणूक आदेशाचा क्रमांक व दिनांक, रुजू झाल्याची तारीख आणि ‘म.पू.’ की ‘म.नं.’ (मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर) हे न विसरता लिहा. मध्यान्हपूर्व रुजू झालात तर त्या दिवसापासून पगार मोजला जातो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घ्या. आपण दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यायची ही सवय पहिल्या कागदापासून लावलेली बरी.

वेळ ९.४५ ते ६.१५, मध्ये एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास जेवणाचा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे. कागदावर आहे, असं म्हणू. निवडणूक, अतिवृष्टी किंवा मंत्रिमहोदयांचा दौरा असला की तहसीलला शनिवार-रविवार नसतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सेवापुस्तक, आणि पगाराची वाट

सेवापुस्तक, म्हणजे तुमच्या नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, उघडलं की पहिलं पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नावातली वेलांटी, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जातीचा प्रवर्ग. लिहिणारा घाईत असतो आणि आपण नवेपणाने ‘हो हो, बरोबर आहे’ म्हणून सही करून मोकळे होतो. जन्मतारखेची नोंद चुकली असेल तर सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. त्यानंतर सेवेच्या सर्वसाधारण शर्तींच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे तो सहसा विचारातच घेतला जात नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावर या एका नोंदीसाठी हेलपाटे घालणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात सापडतील.

त्याच बैठकीत नामनिर्देशनाचे अर्ज, स्वग्रामाचं घोषणापत्र आणि एनपीएसचा (राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेचा) अर्ज भरून द्या. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेले या अंशदायी योजनेत येतात. मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के तुमच्याकडून कापले जातात आणि शासन १४ टक्के घालतं. तुमचा प्रान, म्हणजे एनपीएसचा खाते क्रमांक, आणि पगाराच्या सेवार्थ प्रणालीतला आयडी तयार झाला की मगच पगार गाडीला लागतो. यात महिना जातो, कधी दोन-तीन. परगावी रुजू होत असाल तर तेवढ्या दिवसांचं खोलीभाडं आणि खाणावळीचे पैसे गाठीशी ठेवा. सहकाऱ्याकडे उसने मागायची वेळ पहिल्याच महिन्यात येऊ नये.

चार्ज घेताना: यादीशिवाय सही नाही

इथे जरा थांबतो, कारण नव्या माणसाची पुढची दोन वर्षं या एका सहीवर ठरतात.

बदलून जाणारा माणूस मनाने तिकडे पोहोचलेला असतो. तो कपाटाकडे बोट दाखवून म्हणतो, ‘सगळं आहे यात, काही लागलं तर फोन करा.’ आणि एक ओळीचा कागद पुढे करतो, ‘संपूर्ण कार्यभार देण्यात व घेण्यात आला.’ यावर सही करू नका. भांडायचंही नाही. ‘भाऊसाहेब, यादी मी करतो, तुम्ही फक्त बसा’ म्हणायचं आणि कागद घेऊन बसायचं. दोन दिवस लागतील. लागू द्यात.

यादीत काय काय हवं? चालू नस्त्या विषयासह, प्रत्येकीच्या शेवटच्या पानाच्या क्रमांकासह. नोंदवह्या. शिक्के, किल्ल्या. संगणक, प्रिंटर आणि त्यांचे जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवहीतले क्रमांक. हे झालं दिसणारं. न दिसणारं जास्त धोक्याचं असतं: न्यायालयात चालू असलेली प्रकरणं आणि त्यांच्या पुढच्या तारखा, माहिती अधिकाराचे उत्तर न दिलेले अर्ज, लोकायुक्त किंवा मानवी हक्क आयोगाकडून आलेली पत्रं, महालेखापालांच्या तपासणीतले न सुटलेले आक्षेप. या चार गोष्टी नावं घेऊन विचारा. नाहीत असं उत्तर आलं तर यादीत तसं लिहून घ्या.

एखादी नस्ती नोंदवहीत दिसते पण कपाटात नाही, असं हमखास होतं. तिच्यापुढे ‘आढळून आली नाही’ लिहा आणि दोघांच्या सह्या होऊ द्या. नस्ती पुढे सापडली तर चांगलंच. नाही सापडली तर ती तुमच्या काळात गहाळ झाली असं कुणाला म्हणता येत नाही.

आधीचा माणूस निघूनच गेला असेल तर नायब तहसीलदारांना एक छोटी टिपणी द्या: कार्यभार देणारे उपलब्ध नाहीत, उपलब्ध अभिलेखाची यादी अमुक कर्मचाऱ्यासमक्ष करण्यास मान्यता मिळावी. साहेब फारसे नाही म्हणत नाहीत. ‘कशाला एवढं’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या आणि टिपणी पाठवाच.

कपाट लावा: सहा गठ्ठे

कपाटाची भीती वाटते कारण त्यात पंधरा वर्षांचे कागद एकमेकांवर पडलेले असतात. महसुलात यावर जुना, पक्का इलाज आहे. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात जातो.

पहिला, ज्यावर आज आपल्याला काही करायचं आहे तो. दुसरा प्रतीक्षाधीन: आपण अहवाल मागवलाय, उत्तर यायचंय. तिसरा नियतकालिकं, म्हणजे दर आठवड्याला, महिन्याला, तिमाहीला जाणारी विवरणपत्रं. चौथा स्थायी आदेश संचिका, ज्यात आपल्या विषयाचे शासन निर्णय आणि परिपत्रकं असतात. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायचा आणि सहावा नष्ट करायचा. शेवटच्या दोहोंसाठी कागद किती काळ जपायचा याची वर्गवारी बघावी लागते: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्ष.

ही पद्धत कागदोपत्री सगळीकडे आहे, प्रत्यक्षात तपासणी अधिकारी यायच्या आदल्या आठवड्यात सुरू होते. १९८०च्या दशकात अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची आणि अभिलेखाची सगळी मांडणीच नव्याने केली होती. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव आजही जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी ऐकाल. ई-ऑफिस आलं म्हणून हे संपलं असं समजू नका. संगणकावरच्या नस्त्याही याच सहा प्रश्नांनी लावाव्या लागतात, नाहीतर तिथलाही ‘इनबॉक्स’ त्या कपाटासारखाच होतो.

सगळं कपाट एकदम काढू नका. रोज संध्याकाळी एक कप्पा. नष्ट करायच्या गठ्ठ्याला पहिले सहा महिने हातच लावू नका, निर्णय तुम्हाला घ्यायचाही नसतो.

चौथा गठ्ठा बहुधा रिकामा किंवा अर्धवट सापडेल. तो तुम्ही भरा. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार मिळतात, प्रत्येकावर अठरा आकडी संकेतांक असतो. तो संकेतांक वहीत लिहून ठेवलात तर मूळ निर्णय केव्हाही काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबून टिपणी लिहू नका. त्या निर्णयाला नंतर शुद्धिपत्रक आलेलं असतं आणि ते कुणी फिरवत नाही.

नस्त्या वाचा, पण निकाली निघालेल्या

आपल्या टेबलावर किती प्रकारची प्रकरणं येतात ते आधी मोजा. बहुतेक टेबलांवर ती पाच-सातच्या वर नसतात, वाटतात शंभर. प्रत्येक प्रकारातली पूर्ण झालेली एक नस्ती काढा आणि अर्जापासून आदेशापर्यंत वाचा. आधी टिपणीची बाजू, मग पत्रव्यवहाराची.

समजा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं टेबल मिळालंय. एक मंजूर आणि एक नामंजूर नस्ती शेजारी ठेवा. अर्जाला कोणते दाखले होते, तलाठ्याचा अहवाल कोणत्या मुद्द्यांवर आला, वार्षिक २१,००० रुपयांच्या उत्पन्न मर्यादेचा दाखला कुणी दिला, समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात काय लिहिलं, लाभार्थ्याला पत्र कोणत्या तारखेला गेलं. नामंजूर नस्तीत गाडी नेमकी कुठे अडली? हे वहीच्या एका पानावर उतरवा. अशी पाच-सात पानं झाली की टेबल हातात आलं. दुसऱ्या महिन्यात कोणी विचारलं, ‘माझ्या आईच्या अर्जाचं काय झालं?’ तर उत्तर देताना तुम्ही शेजारच्या भाऊसाहेबांकडे बघणार नाही.

एक इशारा: जुन्या नस्तीत असं केलंय म्हणून ते बरोबरच असेल असं नाही. रीत नस्तीतून शिका, नियम मात्र शासन निर्णयातून पडताळा. ‘इथे असंच करतात’ हे वाक्य चौकशीत कामाला येत नाही.

कागद कुठून येतो, कुठे जातो

टपाल बारनिशीत येतं, आवक क्रमांक पडतो, साहेब त्यावर शाखेचं नाव टाकतात, मग ते तुमच्याकडे येतं. तुम्ही त्याच दिवशी कार्यविवरण पंजीत, म्हणजे सगळे ज्याला वर्कशीट म्हणतात त्यात, नोंद घ्यायची. आठवड्याला गोषवारा काढायचा: मागील शिल्लक किती, नवे किती, निकाली किती, राहिले किती. हे कंटाळवाणं आहे. पण ‘माझ्याकडे खूप काम साठलंय’ ही पोटात गोळा आणणारी भावना ‘माझ्याकडे ४३ कागद आहेत, त्यातले ३० अहवालाच्या प्रतीक्षेत’ अशी लिहिली की निम्मी उतरते.

मुदतींचे दोन कायदे लक्षात ठेवा. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसरा माहितीचा अधिकार, तोही २००५ चाच. उत्तर ३० दिवसांत, आणि विषय आपला नसेल तर अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग. जन माहिती अधिकारी तुम्ही नसता, पण त्यांनी तुमच्याकडे लेखी माहिती मागितली की कलम ५(५) प्रमाणे जबाबदारी तुमच्यावरही येते. दंड दिवसाला २५० रुपये, २५,००० पर्यंत. त्यामुळे माहिती अधिकाराचा अर्ज हातात पडला की त्याची तारीख कॅलेंडरवर टाका, मग चहा घ्या.

पहिली टिपणी

नवे लोक टिपणीला घाबरतात आणि मग ती बोजड भाषेत दोन पानं लिहितात. साहेबांकडे दिवसाला पन्नास नस्त्या असतात. त्यांना चार गोष्टी हव्या असतात: कोण काय मागतंय, कागद काय सांगतात, नियम काय आहे, तुमचा प्रस्ताव काय. साधारण अशी:

‘सादर. अर्जदार यांचा दि. … रोजीचा अर्ज पृ. १५ वर आहे. त्यांनी … मिळण्याची विनंती केली आहे. मंडळ अधिकारी यांचा अहवाल पृ. २१ वर असून त्यात … असे नमूद आहे. संदर्भीय शासन निर्णयातील (पृ. ३) अट ४ नुसार … दाखला आवश्यक आहे, तो अर्जासोबत नाही. सबब त्रुटीपूर्तीसाठी पत्र देणे उचित होईल. मसुदा पृ. २३ वर मान्यतेस्तव सादर.’

खाली डाव्या बाजूला लहान सही आणि तारीख. प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक, हीच खरी कला. पानांना क्रमांक न घालता नस्ती वर पाठवू नका. शेवटी नुसतं ‘आदेशार्थ सादर’ लिहून प्रस्ताव न देणं हा पळपुटेपणा साहेबांच्या लगेच लक्षात येतो. प्रस्ताव फेटाळला तरी हरकत नाही, का फेटाळला ते समासात लिहून येतं, आणि त्याहून चांगलं शिक्षण नाही.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या पत्रांच्या फाइली श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतात आणि दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अगम्य चिन्हं दिसतात. त्या सुधारत बसण्यापेक्षा नेहमी लागणारी दहा-बारा पत्रं एकदाच नव्याने टंकून ठेवा.

माणसं

शिपाई मामांशी आणि अभिलेख कक्षातल्या माणसाशी नीट वागा, ते स्वार्थासाठी नव्हे तर रीत म्हणून. तरी स्वार्थही साधतोच: १९९८ चा गठ्ठा कुठल्या घोड्यावर (रॅकवर) आहे ते त्यांनाच माहीत असतं. शंका एकेक करून विचारायला जाऊ नका. दिवसभरातल्या चार-पाच लिहून ठेवा आणि जेवणानंतर अव्वल कारकुनांना एकदम विचारा. उत्तर लिहून घेताना दिसलात की पुढच्या वेळी तेही मनापासून सांगतात.

समोर उभ्या माणसाला ‘उद्या या’ म्हणू नका. त्याची दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं जातं. काम कधी होईल ते ठाऊक नसेल तर तसं सांगा. कागद कमी असेल तर कोणता ते चिठ्ठीवर लिहून द्या.

चहापाण्याचा विषय नवा माणूस आला की पहिल्या पंधरवड्यात निघतो. दाखले काढून देणारे दलाल तुम्हाला ‘साहेब’ म्हणायला लागतात, दिवाळीला मिठाईचा पुडा ठेवतात. पहिल्याच खेपेला, सर्वांसमोर, आवाज न चढवता परत करा. नाही म्हटलेलं एकदा पसरलं की पुन्हा कुणी विचारत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेला असतो, तो येणाऱ्यांनी वाचण्यासाठी असतो तसाच आपल्यासाठीही.

आणि डिजिटल स्वाक्षरी. दाखल्यांची गर्दी असते तेव्हा साहेबांचं डोंगल लिपिकाच्या टेबलावर राहतं, ‘तुम्हीच करा सही, मी मीटिंगला चाललो.’ हे नम्रपणे टाळा. ‘साहेब, यादी तयार ठेवतो, आपण आल्यावर दहा मिनिटांत करू’ एवढं पुरतं. तुमचा स्वतःचा लॉगिनही कुणाला देऊ नका, ऑपरेटरलाही नाही.

रजा, परीक्षा, वर्षाचं चक्र

किरकोळ रजा वर्षाला आठ. अर्जित रजा वर्षाला तीस, ती १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा अशी खात्यावर जमा होते. मध्येच रुजू झालात तर पूर्ण झालेल्या महिन्याला अडीच दिवस.

महसुलात दुय्यम सेवा परीक्षा ठराविक मुदतीत आणि ठराविक संधींत उत्तीर्ण व्हावी लागते, नाहीतर ज्येष्ठता जाते. नेमणूक आदेशातल्या अटी पुन्हा वाचा आणि अर्जाची तारीख चुकवू नका. अभ्यासाची सवय ताजी आहे तोवर ती उरकून टाकलेली बरी.

मार्चअखेर निधी खर्चाची धावपळ असते. महसुली वर्ष ३१ जुलैला संपतं आणि १ ऑगस्टला महसूल दिन होतो. पावसाळ्यात पंचनामे, हिवाळ्यात नागपूर अधिवेशनाचे तारांकित प्रश्न. त्या दिवसांत ‘आत्ता लगेच’ म्हणजे खरोखर आत्ताच. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन असतो, आपल्या टेबलाच्या तक्रारी त्याआधीच्या गुरुवारपर्यंत वाचून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे आदेश

हे कुठल्याही नियमपुस्तकात सापडत नाही, म्हणून शेवटी. रुजू झाल्याच्या दिवशीच तुम्हाला सात-आठ ग्रुपमध्ये घेतलं जाईल. जिल्ह्याचा, तालुक्याचा, विषयाचा, निवडणुकीचा, शिवाय सुप्रभातवाला. तालुका आणि आपल्या विषयाचा ग्रुप सोडून बाकीच्यांचा आवाज बंद करा. ज्यात खरोखर काम सांगितलंय असा संदेश आला की त्याची छापील प्रत काढा, त्यावर तारीख-वेळ टाका, आवक क्रमांक घ्या आणि संबंधित नस्तीत लावा. माहिती ग्रुपवर पाठवली असेल तरी तीच पत्राने किंवा शासकीय ईमेलने पाठवा आणि जावक क्रमांक घ्या. तीन महिन्यांनी ‘ही माहिती कुणी दिली आणि कधी?’ असा फोन येईल तेव्हा मोबाइल चाळत बसावं लागणार नाही. पान क्रमांक सांगायचा आणि फोन ठेवायचा.